वाढीव पट्टी

मंगळवारी केरबा मिस्त्रीनं मला पट्टी दिली.
पिवळ्या लाकडाची, पितळी टोकांची,
मधोमध त्याच्या अंगठ्यानं झिजलेली.
"घे दस्तू. मला आता काय करायची हाय?"
मी घेतली. खूश झालो, खरं सांगतो.
एकतीस वर्षं मागत होतो ती.

ही पट्टी खोटं मोजते.
उद्यमनगरात नव्या पोराला आधी हेच शिकवतात:
हिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा,
बीडासाठी फुटामागे एक सूत जास्त.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न करणाऱ्यानं
ते आकसणं आधीच धरून चालायचं.
नंतर कितीही कानस मारा, वाढत नाही काही.

रात्री पट्टी उशाशी घेतली आणि झोप येईना.
गेल्या महिन्यात त्यानं पटाश्या दिल्या लोहाराच्या पोराला.
मग कबुतरं. बावीस कबुतरं,
ज्यांच्यापायी हौसाक्काशी जन्मभर भांडला
आणि ती गेल्यावर ज्यांच्याशीच तेवढं बोलायचा.
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर फिरकून चार महिने झाले.
म्हशीवाल्यानं विचारलंही होतं,
"मिस्त्री गावाला गेलाय काय ओ?"
मी म्हणालो होतो, "वय झालं."

वय झालं.
केवढं सोयीचं झाकण.
जेवण जात नाही, वय झालं.
पहाटे तीनला टक्क जाग, वय झालं.
"माझं वझं कुणाला नगं", ते तर सगळेच म्हणतात.
आणि परवा फोनवर लेकीला म्हणाला,
"शालन, तू लई चांगली होतीस पोरी."
होतीस.
तिनं मला हसत सांगितलं. मीही हसलो.

साडेचारला स्कूटर काढली.
बायको म्हणाली, एवढ्या रात्री?
म्हटलं, माप चुकलंय माझं.

दार नुसतं लोटलेलं.
अंधारात खुर्चीवर बसलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट.
प्रश्न मी तोंडात घोळवत राहिलो;
वाटलं, विचारलं तर आपणच वाट दाखवल्यासारखं होईल.
मग विचारलंच. आडवळणानं नाही.
"मिस्त्री, जीव द्यायचं मनात येतंय काय?"

बराच वेळ काही नाही.
मग, "येतंय."
मग, "इचारणारा तू पैलाच हाईस."
आणि पेटी उचलल्यावर साच्याची वाळू सुटते
तसे त्याचे खांदे सुटले.

मी शहाणं काही बोललो नाही.
लोक काय म्हणतील, हेही नाही.
चहा ठेवला. साखर सापडेना, गूळ टाकला, फाटला चहा,
तसाच प्यालो दोघं.
त्याच्यासमोर, त्याला विचारून, शालनला फोन लावला.
घरात जे नको होतं ते पिशवीत भरून माझ्याकडं नेलं,
तेही विचारून.
उजाडल्यावर सीपीआर. केसपेपरची रांग.
डॉक्टरीण त्याच्या नातीच्या वयाची.
झोपेचं विचारलं, गुडघ्याचं, कानाचं, हौसाक्काचं.
म्हणाली, "बाबा, हे नुसतं वय नव्हे. आजार आहे. त्याला औषध आहे."
बाहेर येऊन मिस्त्री म्हणाला,
"पोरगी माप बरूबर घेतीया."

सहा महिने झाले त्याला.
सगळं झकास झालं, असं लिहिणार नाही.
गोळ्या चुकवतो. शालनवर चिडतो.
एखाद्या सकाळी फोन उचलत नाही,
मग मी शटर अर्धं ओढून पळतो,
आणि तो अंघोळीला गेलेला असतो.
"बरं हाय," म्हणतो तो,
तेव्हा त्या शब्दात मी एक सूत मिळवून ऐकतो.
"येतो," म्हणून उठतो,
आणि एक सूत जास्त बसतो.

पट्टी माझ्याकडंच आहे. परत मागितली नाही त्यानं.
काल मात्र दारापर्यंत आला सोडायला,
चप्पल शोधत, कठड्याला धरून.
"ती पट्टी कुठं ठिवलीस?
उन्हात ठिवू नगंस, लेका.
वाकतीया."